बेदाण्याची शेड : वारा, ओल आणि पडदा

सांगली, सोलापूर व नाशिक या जिल्ह्यांतील द्राक्ष-बागाईतदारांस बेदाण्याचा धंदा नवा नाहीं. माघ संपून फाल्गुन लागला कीं तासगांव, मिरज, कवठेमहांकाळ, पंढरपूर या बाजूंच्या माळांवरील शेडी द्राक्षांनीं भरूं लागतात, आणि वैशाखापर्यंत हें काम चालू राहतें. सांगलीच्या बेदाण्यास सन २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. तासगांव, सांगली व पंढरपूर येथील सौद्यांस दूरदूरचे व्यापारी येतात. इतकें असूनहि एकाच गांवांत, एकाच जातीच्या द्राक्षांचा, एकाच आठवड्यांत शेडवर टाकलेला माल एका बागाईतदाराचा हिरवट-पिवळा व एकसारखा निघतो, आणि शेजाऱ्याचा तपकिरी, चिकट व कोठें कोठें आंबूस निघतो, हा अनुभव दरसाल येतो. दोघांच्या भावांत जें अंतर पडतें, तेवढ्यांत एकाचें वर्षाचें देणें फिटतें व दुसऱ्याचें तसेंच राहतें.

याचें कारण विचारल्यास कोणी औषधाचें नांव सांगतो, कोणी जातीचें, तर कोणी नशिबाचें. या तिन्ही गोष्टींचा कमीअधिक संबंध आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पुष्कळ वेळां खरें कारण शेडच्या पडद्यांत असतें, असें आमचें मत आहे. पडदा केव्हां वर गुंडाळावा व केव्हां खालीं सोडावा याचा नियम बहुतेक ठिकाणीं संवयीनें ठरतो. आणि ही संवय पहिल्या आठवड्यास जितकी घातक, तितकीच शेवटच्या आठवड्यास उपकारक असते. एकच कृति एका वेळीं माल नासते व दुसऱ्या वेळीं राखते. तें कसें, हें या लेखांत आम्ही आमच्या बंधूंपुढें मांडूं इच्छितों.

पाणी किती घालवावयाचें

प्रथम हिशेब करूं. बेदाण्यासाठीं द्राक्षें काढतांना त्यांची गोडी २२ ते २४ अंश ब्रिक्स असावी, असें जाणते बागाईतदार मानतात. याचा अर्थ १०० किलो रसांत साखर वगैरे घन पदार्थ २२ ते २४ किलो, आणि बाकीचें पाणी. तयार बेदाण्यांत पाणी शेंकडा १५ च्या आसपास राहिलें पाहिजे. या मानानें एक टन द्राक्षांपासून सुमारें २६० ते २८० किलो बेदाणा मिळावा. देंठ, गळ व निवड यांची तूट धरून लोक 'चारास एक' असा जो ढोबळ हिशेब धरतात, तो याच पायावर आहे. उरलेलें सुमारें ७०० किलो पाणी वाफ होऊन हवेंत गेलें पाहिजे. घाई करून १८ अंशांवरच माल काढला, तर त्याच टनांतून बेदाणा २१० किलोंच्या घरांत निघतो, आणि घालवावयाचें पाणी मात्र वाढतें. माल कमी, वेळ अधिक, आणि रंग जाण्याचें भय अधिक, असा तिहेरी तोटा त्या घाईंत आहे.

एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. सावलींत ही उष्णता मुख्यत्वें भोंवतालच्या हवेंतूनच येते. म्हणून द्राक्षांवरून गेलेली हवा थंड होते. एक घनमीटर हवा १० अंशांनीं थंड झाली, तर ती सुमारें साडेचार ग्रॅम पाण्याचीच वाफ करूं शकते. या हिशेबानें एक किलो पाण्यास सुमारें २२० घनमीटर हवा लागते, आणि एक टन द्राक्षांच्या ७०० किलो पाण्यास दीड लाख घनमीटरांहून अधिक. एवढी हवा शेडींत एका बाजूनें येऊन दुसऱ्या बाजूनें निघून गेली पाहिजे. म्हणून शेड ही कोठी नव्हे, ती वाऱ्याची वाट आहे, असें मनांत पक्कें धरावें. पुढील सर्व विवेचन याच एका गोष्टीभोंवतीं आहे.

हवेची भूक

वारा हवा, हें खरें. परंतु प्रत्येक वारा सारखाच पाणी नेत नाहीं. हवेंत वाफ मावण्यास मर्यादा आहे, आणि ती मर्यादा उष्णतेबरोबर वाढते. २० अंशांच्या एक घनमीटर हवेंत फार तर १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांवर ३० ग्रॅम, आणि ४० अंशांवर ५१ ग्रॅम. हवा जेवढी वाफ धरूं शकते तिच्या मानानें शेंकडा किती वाफ तिच्यांत आहे, याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. आम्ही येथें सोयीसाठीं तिला 'ओल' म्हणूं. पहांटे २० अंशांची व शेंकडा ८० ओलीची हवा दुपारीं ३६ अंशांपर्यंत तापली, तर तिच्यांतील वाफ तेवढीच राहूनहि तिची ओल शेंकडा ३० च्या जवळ येते. हवा तीच, पण पहांटे ती जवळजवळ तृप्त होती, दुपारीं भुकेली झाली. दुपारच्या चार तासांत माल जेवढा सुकतो तेवढा रात्रभरांत सुकत नाहीं, याचें कारण हेंच होय.

ज्या देशांत सावलींतला बेदाणा शेंकडों वर्षें होत आला, तेथील बांधणी पाहिली तर हेंच तत्त्व दिसतें. अफगाणिस्तानांत मातीच्या जाड भिंतींचे किश्मिशखाने असतात. त्या भिंतींत ओळीनें भोकें ठेवलेलीं असतात, व आंत घड टांगून हिरवा बेदाणा करतात. चीनच्या शिनजियांग प्रांतांत तुर्फान येथें विटांच्या जाळीदार भिंतींचीं अशींच घरें आहेत. ऊन आंत येत नाहीं, पण वारा आरपार जातो. ऑस्ट्रेलियांत मिल्ड्युराच्या बाजूस तारेच्या जाळीचे एकावर एक मजले करून वर पत्र्याचें छप्पर घालतात व बाजू मोकळ्या ठेवतात. आपली शेड या शेवटच्या पंथाची आहे.

परंतु एक भेद विसरतां कामा नये. तुर्फानला सबंध वर्षांत पाऊस पडतो तो सोळा-सतरा मिलिमीटर. तेथें भिंतींतील भोकें बंद करण्याची वेळच येत नाहीं. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रांत वळिवाचा केव्हां तडाखा बसेल याचा नेम नाहीं. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट व सन २०२३ च्या मार्चमधील अवकाळी पाऊस आमचे वाचक विसरले नसतील. म्हणून आपल्या शेडीस पडदा लागतो. आणि जेथें पडदा आला, तेथें तो हलविणाऱ्याची अक्कलहि लागते.

बुडवणीनें काय होतें

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तो पाणी आंत राखतो. म्हणून नुसतीं द्राक्षें सावलींत ठेवलीं तर सुकण्यास महिना किंवा अधिक लागतो. साल ढिली करण्याची युक्ति फार जुनी आहे. रोमन शेतकी-ग्रंथकार कोलुमेला यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत द्राक्षें राखेच्या उकळत्या पाण्यांत बुडविण्याची रीत लिहून ठेवली आहे. हल्लीं आपण १०० लिटर पाण्यांत सुमारें अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट व दीड लिटर इथाइल ओलिएट, ज्याला लोक डिपिंग ऑईल म्हणतात, मिसळून त्यांत घड २ ते ६ मिनिटें बुडवितों. त्यानें मेणाच्या थराची रचना बदलते व आंतील पाण्यास बाहेर येण्यास वाट मिळते. मग हेंच काम दोन-अडीच आठवड्यांत होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बुडवणी फक्त मण्याचें दार उघडते. बाहेर आलेलें पाणी शेडबाहेर नेणें हें तिचें काम नव्हे. किंबहुना चांगली बुडवणी झालेला माल पहिल्या दोन-तीन दिवसांत पाणी फार जोरानें सोडतो, म्हणून त्यास वारा अधिक लागतो. औषध उत्तम वापरून शेड बंद ठेवणाऱ्याचा माल, औषध साधारण वापरून शेड मोकळी ठेवणाऱ्याच्या मालापेक्षां लवकर आंबतो तो यामुळेंच. तसेंच बुडवणीचें पाणी घडांतून पूर्ण निथळल्याशिवाय माल जाळीवर टाकूं नये; नाहीं तर तें पाणी शेडींत नेऊन पुन्हां वाऱ्याकडूनच सुकवून घ्यावें लागतें.

पहिला आठवडा : पडदा वर

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद व ४ मीटर उंच अशी शेड घ्या. तिच्यांत २४० घनमीटर हवा राहते. दहा मजल्यांवर मिळून ५ टन द्राक्षें टाकलीं असें समजा. त्यांतून साडेतीन हजार किलो पाणी पंधरा दिवसांत जावयाचें, म्हणजे सरासरीनें तासास सुमारें १० किलो. पहिल्या दिवसांत याहून अधिकच. संध्याकाळीं हवा ३० अंशांची व शेंकडा ५० ओलीची असतांना सर्व पडदे सोडले, तर त्या २४० घनमीटर हवेंत आणखी किती वाफ मावेल ? साडेतीन-पावणेचार किलो. म्हणजे फार तर अर्ध्या तासाच्या आंत शेडमधील हवा भरून जाते, आणि तेथून पहांटेपर्यंत माल स्वतःच्याच वाफेंत उबत पडतो. पत्र्यास व कागदास आंतून दंव धरतें, तें वरच्या मजल्यावर ठिबकतें, आणि ज्या ओलीपासून माल वांचविण्यासाठीं पडदा सोडला तीच ओल आंत कोंडली जाते.

या कोंडलेल्या ओलींत दोन शत्रु वाढतात. पहिला बुरशी व आंबवणारे जंतु. फुटलेल्या मण्यापासून त्यांचा आरंभ होतो व तेथून घडभर पसरतात. दुसरा शत्रु मण्याच्या आंतच असतो. द्राक्षांत एक विकर आहे, जो प्राणवायूच्या संयोगानें गर तपकिरी करतो. कापलेलें सफरचंद काळें पडतें तोच हा प्रकार. मण्यांत पाणी पुष्कळ आहे तोंवर हा विकर जोरांत असतो, पाणी कमी होत गेलें कीं मंद पडतो. म्हणून पहिल्या आठवड्यांत माल जितका लवकर उतरेल तितका त्याचा रंग टिकतो. त्या आठवड्यांत गेलेला रंग पुढें कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं.

पण रात्रीची हवा ओली असते, ती आंत घेऊन काय लाभ, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं ताज्या मण्याचा रस फार पातळ असतो. भोंवतालची हवा शेंकडा ८५ ओलीची असली तरी तो तिला पाणी देतोच, फक्त सावकाश देतो. उलट कोंडलेल्या हवेंत ओल शेंकडा ९५ च्या वर जाऊन देणेंच थांबतें. म्हणून पहिल्या आठवड्यांत, पाऊस किंवा दाट धुकें नसेल तर, पडदे दिवसा व रात्रीं वर ठेवावे. फक्त ज्या बाजूनें उन्हाची तिरीप थेट मालावर पडते त्या बाजूचा पडदा तेवढ्या वेळेपुरता सोडावा. कारण ऊन लागलेला माल तपकिरी होतो.

शेवटचे दिवस : रात्रीं पडदा खालीं

हाच नियम शेवटपर्यंत चालविला तर मात्र नुकसान होतें. शेंकडा १५ पाणी राहिलेला बेदाणा सुमारें शेंकडा ५५ ते ६० ओलीच्या हवेशीं समतोल असतो. त्याहून कोरडी हवा त्याच्यापासून पाणी घेते, त्याहून ओली हवा त्याला पाणी देते. फाल्गुन-चैत्रांतहि पहांटेची ओल पुष्कळदां याच्या वर जाते. म्हणजे दिवसा सुकलेला माल रात्रीं पुन्हां पाणी पितो, सकाळीं चिकट होतो, आणि दुपारीं पुन्हां सुकतो. असे चार-पांच फेरे झाले म्हणजे माल दोन-तीन दिवस अधिक शेडवर पडून राहतो व रंगानें उतरतो. या अवस्थेंत मालांतून निघणारें पाणी अगदीं थोडें असतें, म्हणून पडदा सोडल्यानें आंत ओल कोंडण्याचें भय उरत नाहीं. तेव्हां शेवटच्या दिवसांत सूर्यास्तानंतर पडदे चोहोंकडून सोडावे, आणि सकाळीं हवा कोरडी झाल्यावरच वर घ्यावे.

पहिली अवस्था केव्हां संपली व दुसरी केव्हां लागली, हें दिवस मोजून ठरवूं नये. ढगाळ सालीं व कडक उन्हाच्या सालीं त्यांत पुष्कळ फरक पडतो. वजन हें खरें मोजमाप होय. माल टाकतेवेळीं १० किलो घड मोजून जाळीच्या एका तुकड्यावर निराळे पसरावे, आणि तो तुकडा शेडच्या मध्यभागीं, मधल्या मजल्यावर ठेवावा. कारण वारा सर्वांत कमी तेथेंच पोंचतो. रोज सकाळीं त्याचें वजन करून वहींत लिहावें. हें वजन सुमारें ४ किलोंवर येईपर्यंत पहिला नियम चालवावा; तेथून पुढें दुसरा. पावणेतीन किलोंच्या आसपास आलें कीं माल उतरविण्याची वेळ जवळ आली, असें समजावें.

दोन नळ्यांचें साधन

हवेची ओल अंगास कळते असें म्हणणाऱ्यांवर विसंबूं नये. दोन सारखे उष्णतामापक घ्यावे. एकाचा गोळा कोरडा ठेवावा. दुसऱ्याच्या गोळ्यास पातळ सुती कापड गुंडाळून त्याचें टोंक स्वच्छ पाण्याच्या वाटींत सोडावें. दोन्ही वाऱ्यांत, पण सावलींत टांगावे. ओल्या गोळ्यावरून पाणी उडतें तसा तो थंड होतो. हवा जितकी कोरडी, तितकें दोहोंतील अंतर मोठें. ३० अंशांच्या सुमारास हवा असतां अंतर २ अंश असेल तर ओल शेंकडा ८५, साडेचार अंश असेल तर ७०, आठ अंश असेल तर ५०, आणि बारा अंश असेल तर ३० च्या जवळ समजावी. शेवटच्या दिवसांसाठीं सोपा नियम असा, कीं अंतर ५ ते ६ अंशांच्या खालीं आलें कीं पडदा सोडावा, वर गेलें कीं घ्यावा.

एक जोडी शेडच्या बाहेर व एक आंत ठेवावी. पहिल्या आठवड्यांत आंतील अंतर बाहेरच्या अंतरापेक्षां फार कमी दिसलें, तर वारा आरपार जात नाहीं हें निश्चित. हल्लीं आंकडे दाखविणारीं लहान विजेरीचीं यंत्रेंहि स्वस्त मिळतात. तीं वापरण्यास हरकत नाहीं. परंतु त्यांची परीक्षा करून घ्यावी. एका बरणींत साधें मीठ थोड्या पाण्यानें चिखलासारखें करून ठेवावें, यंत्र त्यास न लागेल असें आंत ठेवून झांकण घट्ट लावावें. आठ-दहा तासांनीं यंत्रानें शेंकडा ७५ दाखविलें पाहिजे. जेवढा फरक पडेल तेवढा पुढें प्रत्येक आंकड्यांत धरावा.

शेडची बांधणी व भरणी

ज्यांस नवी शेड बांधावयाची आहे त्यांनीं हंगामाच्या आधीं आठ दिवस त्या जागीं उंच काठीस कापडाची पट्टी बांधून वारा कोणत्या बाजूचा असतो तें पाहावें, व शेडची लांब बाजू त्या वाऱ्यास तोंड करून ठेवावी. रुंदी बेताची असावी. वारा जसजसा मालांतून पुढें जातो तसतसा तो थंड व ओला होतो, आणि फार रुंद शेडींत पलीकडच्या माणसास अलीकडच्यानें वापरलेली हवाच मिळते. घर, उंच झाडें, उसाचा फड यांच्या आडोशास शेड नसावी. पाण्यानें भिजणाऱ्या रानालगतहि नसावी. खालचा मजला जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावा, खालीं मुरूम ठोकून घ्यावा, आणि धूळ बसावी म्हणून शेडींत पाणी शिंपडण्याची चाल सोडून द्यावी. वरचा मजला व छप्पर यांमध्यें दोन-तीन फूट मोकळी जागा ठेवून आढ्याशीं गरम हवा निघून जाण्यास फट ठेवावी.

बाजूची शेडनेट धूळ अडविते, पण ती फार दाट असली किंवा दोन हंगामांच्या धुळीनें भरली तर वाराहि अडविते. हंगामापूर्वीं ती धुवावी. जाळीवर घड एकेरी थरांत पसरावे. एकावर एक आलेले घड शेडची जागा वांचवितात असें वाटतें, परंतु त्यांच्या सांध्यांत वारा शिरत नाहीं व बुरशीचा पहिला डाग तेथेंच दिसतो.

भरणीविषयीं आणखी एक सूचना. एक शेड एक-दोन दिवसांतच भरून घ्यावी. आठवडाभर थोडा थोडा माल आणून त्याच शेडींत टाकल्यास नव्या द्राक्षांची वाफ जुन्या, अर्धवट सुकलेल्या मालावरून जाते. मग पडदा वर ठेवावा तर जुना माल भिजतो, खालीं सोडावा तर नवा माल उबतो. अगदीं नाइलाज असेल तर नवा माल वारा जेथून बाहेर जातो त्या बाजूस टाकावा.

अवकाळी पाऊस आला असतां

आभाळ भरून आलें कीं सर्व पडदे चारी बाजूंनीं बांधून टाकण्याची जी धांदल उडते, ती आम्हांस समजते. वर्षाची मेहनत त्या छपराखालीं असते. परंतु त्या वेळीं कोणता माल कोणत्या अवस्थेंत आहे याचा क्षणभर विचार करावा. माल पहिल्या आठवड्याचा असेल तर ज्या बाजूनें पावसाची झड येते तेवढीच बाजू बंद करावी. उलट बाजूचा वरचा अर्धा भाग व आढ्याची फट मोकळी ठेवावी. झड थांबतांच बंद बाजूहि उघडावी, सकाळची वाट पाहूं नये. माल शेवटच्या अवस्थेंतला असेल तर मात्र चोहोंकडून बंद करून, दुसऱ्या दिवशीं ऊन पडून हवा कोरडी होईपर्यंत तसाच ठेवावा. शेडभोंवतीं चर काढून ठेवलेला असावा. खालीं सांचलेलें पाणी दोन दिवस वाफ देत राहतें.

विजेचे पंखे लावावयाचे तर ते आंतील हवा बाहेर फेंकतील असे, वाऱ्याच्या निघत्या बाजूस लावावे. बंद शेडींत पंखे फिरविल्यानें तीच ओली हवा घुसळली जाते, एवढेंच. दोन-तीन दिवस मळभ राहिलें तर ऊब देण्याचा उपाय आहे. २४ अंशांची व शेंकडा ८५ ओलीची हवा १० अंश तापविली तर तिची ओल शेंकडा ५० च्या खालीं येते. पण तापविलेली हवा माल ओलांडून बाहेर गेली पाहिजे. बंद शेडींतील ऊब ही द्राक्षें आंबविण्याचीच कृति होय. कोळशाच्या शेगड्या पेटवून शेड बंद करणें तर सर्वथा टाळावें. मालास धुराचा वास लागतो हें एक; आणि त्या विषारी वायूनें राखणीस निजलेल्या माणसाचा जीव जाऊं शकतो, हें त्याहून फार मोठें. धूर नळीनें बाहेर सोडणारी व फक्त गरम हवा आंत देणारी भट्टीच वापरावी. गंधकाची धुरी द्यावयाची ती निराळ्या बंद खोलींत द्यावी, आणि दार उघडून वायु निघून गेल्याखेरीज गडी-माणसांस आंत पाठवूं नये.

उतरवणी व साठवण

मूठभर बेदाणा घट्ट दाबून सोडला असतां दाणे सुटे झाले, आणि एक दाणा बोटांत चिरडला असतां रस आला नाहीं, म्हणजे माल तयार झाला. तो दुपारीं, हवा कोरडी असतां उतरवावा. वरच्या मजल्याचा माल आधीं होतो, मधला मागाहून. सबंध शेड एका दिवसांत रिकामी करण्याचा हट्ट धरूं नये. उतरविलेला माल देंठ काढून तीन-चार दिवस स्वच्छ क्रेटमध्यें झांकून ठेवला तर कमी-अधिक सुकलेल्या दाण्यांची ओल आपसांत वांटली जाऊन माल एकसारखा होतो. पुढें खोक्यांत भरून शीतगृहांत ठेवावा. शीतगृहांतून काढलेलें थंड खोकें लगेच उघडूं नये. पावसाळी हवा त्या थंड दाण्यांस लागली तर थंड तांब्यास बाहेरून पाणी सुटतें तसें त्यांवर पाणी सुटतें, आणि दोन महिन्यांची मेहनत एका तासांत चिकट होते. खोकें बाहेरच्या हवेइतकें गरम झाल्यावरच उघडावें.

द्राक्षाची बाग उभी करण्यास लागणारा पैसा, छाटणीपासून काढणीपर्यंतची फवारणी व मजुरी, यांवर आमचे बागाईतदार सढळ हातानें खर्च करतात. बाजारांत ताज्या द्राक्षांचा भाव बसला म्हणजे त्याच पैशाचें रक्षण शेवटीं या शेडच्या दोन-अडीच आठवड्यांवर येऊन ठेपतें. त्या आठवड्यांसाठीं आम्ही जें सुचविलें आहे त्यांत दोन उष्णतामापक, एक तराजू, एक वही, आणि पडद्याजवळ एक जबाबदार माणूस, याहून अधिक कांहीं लागत नाहीं. पाऊस केव्हां येईल हें कोणाच्या हातीं नाहीं. तो आला असतां पडद्याची दोरी कोणत्या बाजूची ओढावी, हें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. येत्या हंगामांत ज्यांस शक्य असेल त्यांनीं निदान एका शेडीवर तरी रोजचें वजन व रोजची ओल लिहून ठेवावी, आणि हंगाम संपतांच ती वही घेऊन शेजाऱ्यांबरोबर एकदां बसावें, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.